ऐकायला सोडलेला चॅनल

"थांबा साहेब. जरा ऐकू द्या."

हवालदारांशी तुमची ओळख झाली असती, तर पहिल्या भेटीत तुम्हालाही हेच ऐकावं लागलं असतं. कुणी काही सांगायला गेलं की ते डाव्या कानामागे दोन बोटं दाबायचे, मान खाली घालायचे आणि समोरच्याला गप्प करायचे. त्या गप्पपणात ते काय ऐकायचे देव जाणे. अर्ध्या मिनिटाने मान वर करून म्हणायचे, "हं, बोला आता." तोवर माणूस काय सांगायला आला होता तेच विसरलेला असायचा.

आमच्या सहकारी साखर कारखान्याच्या फाटकावर ते पहारेकरी होते. हजेरीपटावर त्यांचं नाव होतं, पण ते घेताना मी कुणाला ऐकलं नाही. फौजेतून हवालदार होऊन आले आणि इथेही हवालदारच राहिले. वय पन्नाशीचं, बायको वारलेली, मुलगी लातूरकडे दिलेली. कारखान्याच्या चाळीत एका खोलीत राहायचे आणि पौर्णिमेला न चुकता आपल्या गावच्या विहारात जाऊन यायचे.

उसाची गाडी दिसायच्या आधीच ते वहीत नोंद करायला घ्यायचे. "ईट गावाकडची हाय. उजव्या चाकाला वंगण न्हाय." गाडी वळणावरून पुढे यायची तेव्हा ती ईटकडचीच निघायची, आणि गाडीवान उजव्या चाकाला शिव्या देत असायचा. आम्ही कारकून मंडळी त्यांच्याशी चहाच्या पैजा लावायचो आणि दर वेळी हरायचो.

फौजेत ते बिनतारी संदेशाच्या कामावर होते. तिथली एक खोड त्यांच्या जिभेला चिकटली होती. बोलणं संपलं की 'ओव्हर' म्हणायचं. "दोन च्या, एक बिनसाखरेचा, ओव्हर." टपरीवालाही मग "आणतो, ओव्हर" म्हणायला लागला. एकदा चेअरमन फाटकाशी जीप थांबवून त्यांना काहीबाही विचारू लागले. हवालदार ताठ उभे, तोंडातून शब्द नाही. चेअरमन तापले. "अहो, मी तुम्हालाच विचारतोय!" हवालदार शांतपणे म्हणाले, "तुमी ओव्हर म्हनला न्हाईत, साहेब." त्यात त्यांना चेष्टा करायची नव्हती. समोरच्याचं संपल्याशिवाय आपण बोलायचं नाही, एवढंच त्यांना माहीत होतं.

आता माझं सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. मी धाराशिवच्या कॉलेजातून बी.एस्सी. झालो, पुण्यात सहा महिन्यांचा कोर्स केला आणि कारखान्याचा संगणक सांभाळायला लागलो. ऐंशीच्या दशकात आमच्या भागात संगणक म्हणजे नवलच. त्याच्या खोलीच्या दाराशी नारळ फोडला होता, चपला बाहेर काढाव्या लागत, आणि साऱ्या कारखान्यात कूलर होता तो फक्त त्या खोलीत. माणसं घामाने भिजायची आणि मशीन गारव्यात बसायचं.

त्यावर मी ऊसतोडीचा कार्यक्रम बसवला होता. तोडणाऱ्या टोळ्या कमी, उसाचे फड जास्त. कोणता ऊस किती पिकलाय, कारखान्यापासून किती लांब आहे, थांबला तर किती वाळेल, याचे गुण मांडायचे, आणि मशीनने सांगायचं की आज कोणती टोळी कोणत्या फडात. दोन फडांचे गुण सारखे आले तर काय करायचं, असं मी शेतकी अधिकाऱ्यांना विचारलं होतं. ते हसले. "फडांच्या यादीत पहिले वीस नंबर कुणाच्या उसाचे आहेत, बघितलंत का?" संचालकांच्या उसाचे होते. "मग सारखे आले की लहान नंबर आधी. त्यात विचारायचं काय?" मी ती ओळ लिहिली आणि विसरून गेलो. नवी नोकरी होती, आणि एका ओळीसाठी कोण भांडणार?

त्या वर्षी पाऊस आलाच नाही. आदल्या वर्षीही धड नव्हता. उभा ऊस तोडून छावणीतल्या जनावरांपुढे टाकला, आणि कारखान्याचं धुराडं चार आठवड्यांतच थंड झालं. फाटकावरून गाड्या येईनात. हवालदारांना ऐकायला काही उरलं नाही आणि माझ्या मशीनला काम उरलं नाही.

अशाच एका दुपारी ते बूट बाहेर काढून, मोज्यांवर आत आले. "साहेब, जरा गारव्याला उभा ऱ्हातो." मी वेळ जावा म्हणून जुनाच कार्यक्रम चालवून बघत होतो. त्यांनी बराच वेळ पडद्याकडे पाहिलं आणि विचारलं, "ह्ये असं मशीनवर आधीच करून बघायचं. खऱ्या फडात टोळी जायच्या आधी. व्हय ना?"

"हो. इथे चुकलं तर कुणाचं नुकसान नाही."

त्यांनी कानामागे बोटं दाबली. मग हळूच म्हणाले, "ह्यात फौज बसंल का?"

मी हसलो, पण ते हसले नाहीत. त्यांच्या जुन्या साहेबांनी त्यांना सांगितलं होतं की आता फौजेत अशी मशीनं येतायत, लढाईच्या आधी लढाई करून बघायची. हे ऐकल्यापासून त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. ती कोणती, हे मात्र त्यांनी त्या दिवशी सांगितलं नाही. आपलं काम तेवढं समजावून सांगितलं.

"बंदुकीची लढाई दिसती. आमची दिसत न्हाय. वैरी बिनतारीवर बोलतो त्ये ऐकायचं. कुठून बोलतो त्ये हुडकायचं. आन बोलूच द्यायचा नसला, तर त्याच्या चॅनलवर येवढा गोंगाट सोडायचा, की त्याला त्याचंच ऐकू येऊ नये. त्या यंत्राला जॅमर म्हंत्यात. पर गोंगाट सोडला की आपल्यालाबी काय ऐकू येत न्हाय. त्याचं तोंड दाबायचं का त्याचं ऐकायचं, दोन्ही जमत न्हाय, साहेब. आन जॅमर दोन, चॅनल लई."

"म्हणजे आमच्या टोळ्या आणि फड."

"त्येच म्हनतो की मी."

मला त्यांचं हे कोडं आवडलं. रिकाम्या माणसाला कोडं मिळालं तर तो जेवणही विसरतो. मी टोळीच्या जागी जॅमर घातला, फडाच्या जागी चॅनल. पिकण्याचे गुण काढून तिथे त्या चॅनलवरचं बोलणं किती घातक आहे याचे गुण घातले. लांबीच्या जागी टेकड्या आणि अंतरं. एक मिनिट म्हणजे पडद्यावरची एक ओळ. बाकी सगळा सांगाडा उसाचाच राहिला.

हवालदारांना पडद्यावरचे आकडे कळत, पण त्यांचा विश्वास टेबलावर होता. जुन्या छापील कागदांच्या पाठीवर त्यांनी नकाशा काढला. उसाची कांडी म्हणजे जॅमर, चिंचोके म्हणजे वैऱ्याचे चॅनल, ज्वारीचे दाणे म्हणजे आपली माणसं. पडद्यावर एक ओळ उमटली की ते दाणे बोटभर पुढे सरकवायचे.

सुरुवातीला आम्ही खोट्या लढाया खेळलो. मी वैरी, ते आपली बाजू. मी मधेच चॅनल बदलायचो आणि त्यांना चकवायला बघायचो. ते दर वेळी ओळखायचे. चौथ्या दिवशी मी चिडून विचारलं की हे कसं काय. "तुमच्या सातच्या बटनाचा आवाज बसका हाय, साहेब. आन तीनचं जरा अडकतंय." त्या दिवसापासून मी त्यांना दाराबाहेर उभं करून खेळायला लागलो. मला ते दिवस आठवले की हसू येतं आणि लगेच पुढचं आठवतं.

तिसऱ्या आठवड्यात एक एसटी कंडक्टर फाटकाशी उतरला. येरमाळ्याहून निरोप होता. म्हातारीने अंथरूण धरलंय, हवालदारांना म्हणावं एकदा येऊन जा, आणि ह्या वेळी खरं सांग.

हवालदार निरोप ऐकून माझ्या खोलीत आले. बूट काढायचे विसरले. पहिल्यांदाच विसरले, म्हणून मी काही बोललो नाही. स्टुलावर बसून त्यांनी मला जे सांगितलं, ते मी जमेल तसं सरळ सांगतो.

हवालदारांचं पहिलं शिक्षण निजामाच्या अमलातल्या उर्दू शाळेत झालं. त्यामुळे फौजेत त्यांना ऐकण्याच्या कामावर घेतलं. पलीकडचा माणूस बोलला की ह्यांना समजायचं. एकाहत्तरच्या लढाईत सरहद्दीजवळ एका टेकडीमागे त्यांचं ठाणं होतं. त्याच ठाण्यावर टेलिफोनची तार टाकणाऱ्यांत येरमाळ्याचा एक तरुण होता. आपल्याकडचा म्हणून हवालदारांचा त्याच्यावर जीव. त्याला लिहिता येत नसे, तेव्हा त्याची आईला जाणारी पत्रं हवालदारच लिहायचे.

एका सकाळी तो आणि त्याच्या बरोबरचे तिघे तार घेऊन उघड्या माळावरून ओढ्याकडे निघाले होते. ठाण्यावर जॅमर दोन होते आणि वैऱ्याचे तीन चॅनल सापडले होते. पहिल्यावर गाड्यांच्या हालचालींचं बोलणं. दुसऱ्यावर मोठ्या साहेबांचे हुकूम. तिसऱ्यावर एकच माणूस, क्वचित बोलणारा. तो कोण, कशासाठी बसलाय, ते अजून कळलं नव्हतं. साहेबांनी विचारलं, "जॅमर कुठे लावायचे?" हवालदार म्हणाले, "एक आणि दोन. तीन ऐकायला सोडू." साहेबांनी मान डोलावली.

"तिसरा तोफांचा मानूस निघाला, साहेब. लांबून बघून नेम सांगनारा. त्यानं आकडे सांगायला सुरुवात केली तवा कळलं. जॅमर तिसऱ्यावर वळवायला चार मिंटं लागत्यात. म्या वळवा म्हनलो. साहेबबी लगीच वळवा म्हनले. पर आकडे माझ्या कानात येतच व्हते. मला सगळं ऐकू येत व्हतं."

त्यांची बोटं कानामागे गेली होती. मला ती तिथून काढून घ्यावीशी वाटली.

"चौघंबी गेले. तारेचं रीळ तेवढं नीट व्हतं."

तेव्हापासून ते दर वर्षी चैत्रात, येडेश्वरीच्या यात्रेच्या दिवसांत, येरमाळ्याला जायचे आणि त्या म्हातारीला भेटायचे. ती दर वर्षी विचारायची की माझ्या लेकाचं नेमकं काय झालं. हे दर वर्षी सांगायचे, "अचानक झालं, माय. कुनाच्या हातात काय नव्हतं." पंधरा वर्षं हेच उत्तर. आता ती जायला टेकली होती आणि खरं मागत होती.

"खरं काय त्ये मलाच ठाव न्हाय, साहेब. माझ्या हातात व्हतं का नव्हतं? येवढं मला मशीनमदनं काढून द्या. मग मी जातो."

मी हो म्हणालो. त्यात दुसरीच अडचण उभी राहिली. ऊस नाही तर मशीन कशाला, असं म्हणून संचालक मंडळाने संगणकाची खोली बंद करायचं ठरवलं होतं. आठ दिवसांनी मशीन पेटीत जाणार होतं. वीज दिवसातून चार तास, त्यात कूलरला पाणी नाही. आम्ही दोघे घागरभर पाण्यात गोणपाट भिजवून खिडकीला लावायचो. प्यायच्या पाण्याची मारामार असताना आम्ही ते पाणी मशीनला पाजत होतो, हे सांगायला आजही लाज वाटते. आमच्या चाळीतल्या बायकांनी ते पाहिलं असतं तर मला बदडलं असतं, आणि योग्यच केलं असतं.

सगळं भरून झालं. टेकडी, माळ, ओढा, चार दाणे, तीन चिंचोके, दोन कांडी. मी कार्यक्रम चालवला. मशीनने जॅमर चॅनल दोन आणि चॅनल तीनवर लावले. दाणे ओढ्यापलीकडे पोहोचले. चारही.

हवालदारांनी ते चार दाणे कितीतरी वेळ पाहिले. मग एकेक उचलून परत माळावर ठेवले.

"ह्ये न्हाय, साहेब. तुमी मशीनला आधीच सांगितलं, की तिसरा तोफांचा हाय. मला तवा ठाव नव्हतं. त्या सकाळी मला जेवढं ठाव व्हतं, तेवढंच त्याला सांगा."

बरोबर होतं त्यांचं. घडून गेल्यावर शहाणं व्हायला मशीन कशाला हवं? पुढचे चार दिवस आम्ही तेच केलं. त्या सकाळी तिसऱ्या चॅनलबद्दल काय काय माहीत होतं, ते त्यांनी आठवून आठवून सांगायचं आणि मी गुण मांडायचे. कधी ते मधेच उठून फाटकापर्यंत जायचे, उगाच रस्त्याकडे कान लावायचे आणि परत यायचे. डोळे खोल गेले होते. एकदा म्हणाले, "साहेब, मशीन व्हय म्हनलं तर मला फाशी आन न्हाय म्हनलं तर मोकळा. असंच ना?" मी म्हणालो, असंच काही नाही. पण मलाही तसंच वाटत होतं.

शेवटी मी कार्यक्रम चालवला. छपाईयंत्र करकरत एकेक ओळ काढू लागलं. जॅमर पहिला, चॅनल दोन. जॅमर दुसरा, चॅनल एक. तीन ऐकायला.

म्हणजे मशीननेही तेच केलं असतं! मी खुर्चीवरून उडालोच. "हवालदार, सुटलात! तुमची चूक नव्हती! दुसऱ्या कुणीही हेच केलं असतं!" मी त्यांचे दोन्ही हात धरून हलवले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ते माझ्याकडे बघत राहिले, मग हसले. कागद फाडून, नीट घडी घालून त्यांनी खिशात ठेवला. "लई उपकार झाले, साहेब," म्हणाले. 'ओव्हर' म्हणाले नाहीत. हे माझ्या लक्षात आलं होतं, पण मी मोठ्या खुशीत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने ते येरमाळ्याला गेले. मी मशीन पेटीत घालायच्या आधी कार्यक्रमाची एक प्रत असावी म्हणून सगळ्या ओळी छापायला लावल्या आणि सहज वाचत बसलो. वाचता वाचता त्या ओळीपाशी आलो. गुण सारखे आले की लहान नंबर आधी.

संचालकांच्या उसाची ओळ. ती मी काढलीच नव्हती.

मी परत सगळं चालवलं आणि ह्या वेळी गुण बघितले. दोनचे जास्त होते. एक आणि तीनचे अगदी सारखे. मग मी तिसऱ्या चॅनलला एक नंबर दिला आणि पहिल्याला तीन. बाकी काहीही हलवलं नाही. मशीनने निमूटपणे तोफांच्या चॅनलवर जॅमर लावला आणि चारही माणसं ओढ्यापलीकडे नेली.

मशीनला काही कळत नव्हतं. ज्याला आधी बसवावं त्याला ते आधी वाढत होतं. आणि मी त्याच्या जोरावर एका माणसाला सुटलात म्हणून सांगून मोकळा झालो होतो. तो माणूस आता ते घेऊन मरणाऱ्या बाईपुढे बसला असणार. तो दुसरा कागद खिशात कोंबून मी रस्त्यावर आलो आणि मिळेल त्या गाडीला लटकलो. वाटेत दोन्ही बाजूंना नुसती ढेकळं होती. काय सांगायचं, कसं सांगायचं, काही सुचत नव्हतं. एकदा वाटलं की उतरावं आणि परत जावं.

येरमाळ्याच्या थांब्यावर, एका बंद दुकानाच्या पायरीवर हवालदार बसले होते. भर दुपार. मला बघून त्यांना नवल वाटलेलं दिसलं नाही.

"सांगितलंत?" मी विचारलं.

"सांगितलं."

"हवालदार, त्या कार्यक्रमात एक ओळ..."

"लहान नंबर आधी," ते म्हणाले. "मला ठाव हाय, साहेब. चार सालं फाटकावर मीच तर सोडतोय की त्यांच्या गाड्या. रांगंत कितीबी मागं असूद्या, नंबर बघून आधी सोडा, असा हुकूम हाय मला. तुमच्या कागदावर तीनच्या आधी एक नंबर लागला, तवाच समजलो."

"मग तेव्हाच का बोलला नाहीत?"

"तुमी लई खुश व्हता."

मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसलो. मला हुंदका आला आणि तो मी आवरला नाही. थोड्या वेळाने, स्वतःलाच धीर द्यावा तसं मी म्हणालो, "पण गुण सारखे होते, हवालदार. एक आणि तीन. म्हणजे दोन्हीपैकी काहीही केलं असतं तरी..."

"सारखे व्हते, मग निवडलं कुनी? म्याच की." त्यांनी कानामागे बोटं दाबली. "मशीनला एक गोष्ट म्या सांगितलीच न्हाय, साहेब. तुमालाबी न्हाय. तिसऱ्यावरला मानूस लई गोड बोलायचा. काम नसलं की शेर म्हनायचा. माझ्या उर्दू शाळंतल्या मास्तरावानी आवाज. चार दिस झाले, मी त्यो आवाज ऐकत व्हतो. गोंगाट सोडला असता तर त्यो गेला असता. म्हनून म्या त्यो ऐकायला सोडला. मला ऐकायचा व्हता म्हनून."

रस्त्यावरून एक ट्रक गेला. धूळ बसल्यावर मी विचारलं.

"हे तुम्ही म्हातारीला सांगितलंत?"

"ती खरं सांग म्हनली व्हती न्हवं? ह्येच खरं. सगळं सांगितलं."

"ती काय म्हणाली?"

"म्हनली, त्या मानसाचे शब्द सांग. शेवटचे. मी म्हनलो, माय, ऱ्हाऊ दे. म्हनली, न्हाय, माझ्या लेकाच्या वक्ताचे शब्द हायती, मला ऐकायचेत. मग सांगितलं. पचास दाएं. सौ आगे. बस." ते थांबले. "निजामाच्या वक्ताची बाई, साहेब. मराठीत सांगायची गरजच पडली न्हाय. दोनदा म्हनायला लावलं. डोळं मिटून ऐकलं."

"मग?"

"मग म्हनली, चुलीपाशी भाकर हाय, खाऊन जा. उपाशी जाऊ नगं."

हवालदारांचा आवाज तिथे पहिल्यांदा फुटला. "चपलेनं मारायचं व्हतं तिनं मला. थुकायचं व्हतं. म्या तिथं बसून तिची भाकर खाल्ली, साहेब. सगळी खाल्ली."

खिशातला तो दुसरा कागद मी काढलाच नाही. परतीची गाडी आली. मी चढलो आणि जागा धरून खिडकीतून हाक मारली. ते पायरीवरून उठले नाहीत. "तुमी जा," एवढंच म्हणाले.

ते कारखान्यावर परत आले ते बूट आणि ट्रंक न्यायला. राजीनामा दिला आणि येरमाळ्याला म्हातारीच्या ओसरीवर जाऊन राहिले. तिला पाणी आणून द्यायला कुणी नव्हतं आणि त्या उन्हाळ्यात पाणी फक्त टँकरचं होतं. पुढे दोन महिन्यांनी मी भेटायला गेलो, तर ते दोन घागरी घेऊन वेशीजवळ उभे होते. आसपास आयाबाया बसलेल्या. त्यातली एक विचारत होती, "हवालदार, आला का वो?" ह्यांनी बोटं कानामागे दाबली, मान खाली घातली. बायका चिडीचूप. मला तर वाऱ्याशिवाय काही ऐकू येत नव्हतं. "लागा रांगंला," ते म्हणाले. "घाटाखाली हाय." सगळ्या उठल्या, घागरी ओळीने लागल्या, भांडण नाही की धक्काबुक्की नाही. पाव तासाने टँकर आला. अंथरुणावरच्या म्हातारीची घागर, हवालदारांच्या हुकमाने, सगळ्यांत शेवटी भरायची. म्हातारीचाच तसा हट्ट होता म्हणे.

त्यांनी मला ओळख दिली, चहा पाजला, पण जुना विषय निघाला नाही. रात्री झोप लागते का, असं मी विचारलं. "ती विचारती अधनंमधनं, पुन्हा सांग म्हंती," ते म्हणाले. "सांगतो." त्यांची मान खालीच होती. मी फार वेळ थांबलो नाही. थांबायला हवं होतं.

म्हातारी त्या पावसाळ्याआधी गेली. हवालदार तिथेच राहिले. पुढच्या उन्हाळ्यात टँकर पुन्हा सुरू झाले, तेव्हा दोन महिने तेही होते, आणि मग एका सकाळी ओसरीवर ते उठलेच नाहीत. मला हे कळायला पंधरा दिवस गेले.

मी गेलो तेव्हा ओसरीला कुलूप होतं. करण्यासारखं काही नव्हतं म्हणून वेशीपाशी बसलो. बायका सावल्या धरून इकडेतिकडे पांगल्या होत्या. घागरी कुठेही लवंडलेल्या. मीही कानामागे दोन बोटं दाबून बघितली. वारा होता, दुसरं काही नाही.

आणि एकदम टँकर आला. वळणावरून थेट समोरच. एकच आरडाओरडा झाला, घागरीवर घागर आपटली, एक म्हातारी धावताना पडली आणि तिचं मडकं फुटलं. तिला उठवायला मी पुढे झालो. ती माझ्याकडे न बघता खापऱ्यांकडे बघत म्हणाली, "आदी कळायचं वो आमाला. आदी कळायचं."